एका कानाचे संगीत

ध्वनियंत्रणेवरून आमचे वाद जुने. आमच्याकडे फळीवर मावणारे लहान स्पीकर, मित्राकडे जमिनीवर उभे राहणारे. त्याला तंबोऱ्याचा खर्ज भरून हवा, आम्हाला शब्द स्वच्छ. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा म्हणून तो टेपने अंतर मोजून खुर्ची मांडी. आम्ही थट्टा करीत असू.

गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या उतारावर तो सायकलवरून पडला. हेल्मेटमुळे वाचला, पण कानामागचे हाड मोडले आणि डावा कान कायमचा गेला. हिंडूफिरू लागल्यावर त्याने पहिले काम केले ते खुर्ची भिंतीशी सरकवण्याचे. ध्वनी दोन कानांवर पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, हे त्यानेच आम्हाला शिकवलेले. त्याला आम्ही काय समजावणार? जात असू, औषधांची चौकशी करीत असू, संगीत सोडून सारे बोलत असू.

एका रविवारी केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी घेऊन गेलो. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचे गाणे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्यापूर्वीच्या या गाण्यात दुसऱ्या कानासाठी वेगळे काही नाहीच. आमची युक्ती त्याने तत्काळ ओळखली.

“दया नको,” तो म्हणाला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग उठून त्याने एका स्पीकरची वायर काढली, उजवा कान पुढे येईल अशी खुर्ची फिरवली.

“तुझ्या त्या दोन खोक्यांपेक्षा माझा एक बरा.”

वाद दिवेलागणीपर्यंत चालला.