एकशे तेरा किलोमीटर

आयर्नमॅन हे नाव मला पहिल्यापासून फारसं पटलेलं नाही. लोखंडाचं कौतुक त्यांनी करावं ज्यांच्या गावाला समुद्र नाही. आमच्या जामसंड्यात खिडकीचे गज चार पावसाळे धड काढत नाहीत, खारी हवा त्यांना पापुद्र्या-पापुद्र्याने खाऊन टाकते. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात मी गोव्याला जाऊन ही स्पर्धा केली. वय त्रेचाळीस, धंदा आंब्याचा, थोडीशी कलमं वडिलोपार्जित. लोक विचारतात, हे कशाला? सरळ उत्तर माझ्याकडे नाही, लांबचं आहे. ते ऐका.

आधी स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो, कारण गावात अजून अर्ध्यांना ती सायकलची शर्यत वाटते. गोव्यात होते ती निम्म्या अंतराची. तिच्या नावापुढे ७०.३ हा आकडा असतो, तो मैलांचा. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवून २१.१ किलोमीटर धावायचं. बेरीज ११३ किलोमीटर. सगळं मिळून साडेआठ तास. पोहायला त्यातले एक तास दहा मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपलेली हवी. पूर्ण अंतराची स्पर्धा याच्या दुप्पट. आपला मिलिंद सोमण २०१५ साली एकोणपन्नासाव्या वर्षी झुरिकला ती करून आला, तेव्हापासून मराठी घरांत हा शब्द शिरला. गोव्यात ही स्पर्धा २०१९ पासून आहे, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथे.

या खेळाचा जन्म हवाईतला, १८ फेब्रुवारी १९७८ चा. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. त्या पहिल्या शर्यतीतली एक गोष्ट मला फार आवडते. जॉन डनबार नावाचा नौदलातला गडी जोरात होता. पण धावण्याच्या टप्प्यात त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, ज्युली मॉस ही मुलगी शेवटच्या रेषेजवळ कोसळली. मागची स्पर्धक तिला ओलांडून पुढे गेली आणि ज्युली गुडघ्यांवर रांगत रेषेपर्यंत पोचली. ते टीव्हीवर दिसलं आणि स्पर्धा जगप्रसिद्ध झाली. म्हणजे या खेळाची ओळख झाली ती एका माणसाच्या शरीराने जवाब दिला त्या चित्रावरून. ज्युलीच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण त्या चित्राने पुढे लाखभर लोकांना काय शिकवलं याबद्दल शंका आहे, आणि त्या शंकेचं मूळ आमच्या घरात आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा अम्मीचा धाकटा भाऊ, माझा मामू, दर्यावर होता. होडीत चौघे. होडी उलटली ती रात्री. देवगडच्या दीपगृहाचा उजेड मधून मधून दिसत होता, म्हणजे किनारा फार लांब नव्हता, निदान लांब वाटत नव्हता. चौघांपैकी दोघांनी जाळ्याचे बोये आणि एक रिकामा कॅन कवटाळला आणि तसेच राहिले. दोघे उजेडाच्या दिशेने पोहत निघाले. जे राहिले ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. जे निघाले ते आले नाहीत. मामू निघालेल्यांतला. चौघांत सर्वात चांगला पोहणारा तोच होता.

वाचलेल्या दोघांपैकी एक अजून आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, नात्याने कुणी नाहीत. वय सत्तरीचं, गुडघे गेलेले, दर्या सुटला. लोक त्यांना अजून विचारतात, चाचा, रात्रभर कसे पोहलात? त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी पवलंय नाय. तरंगलंय."

म्हणून आमच्या घरात "हा चांगला पोहतो" हे कौतुक नाही. कुणी माझ्याबद्दल तसं म्हणालं की अम्मी उठून आत जाते. मी नाव नोंदवलं तेव्हा तिला एवढंच सांगितलं की गोव्याला शर्यत आहे, त्यात पोहायचंही आहे. फी किती ते सांगितलं नाही, कारण तिने एकच प्रश्न विचारला आणि तो पुरेसा होता: "दर्यात जायला पैसे मिळतात हे ठाऊक होतं. दर्यात जायला पैसे भरतात?"

तयारीचं वेळापत्रक इंटरनेटवर भरपूर मिळतं, पण ती सगळी वेळापत्रकं अशा माणसांनी केलेली की ज्यांच्या वर्षात ना आंबा आहे ना पावसाळा. माझं वर्ष असं गेलं: ११ एप्रिलला ईद झाली तेव्हा बाग ऐन भरात. मे अखेरपर्यंत पहाटे काढणी, दिवसभर पेट्या, रात्री ट्रक. त्यात व्यायाम म्हणजे शिडी. जूनमध्ये मोकळा झालो तर समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते ती उगाच नाही, त्या पाण्यात माणसाने जाऊच नये. पोहण्याचा सराव मित्राच्या बागेतल्या मोठ्या विहिरीत, बैलाने घाण्याला फिरावं तसा गोल गोल. सायकल मात्र भर पावसात चालवली. तळेबाजार, शिरगाव करत नांदगाव तिठ्यापर्यंत जायचं आणि परतायचं, सत्तरेक किलोमीटर होतात. सरळ रस्ता असा नाहीच. सड्यावर चढा, वहाळाशी उतरा, पुन्हा चढा. एसटीचे ड्रायव्हर ओळखायला लागले, हॉर्न वाजवून हात करायचे.

नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. त्यानंतर मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर पोहायला सुरुवात केली. स्पर्धा २७ ऑक्टोबरला. म्हणजे आयुष्य समुद्रकाठी काढलेल्या माणसाला समुद्रात सरावासाठी जेमतेम दहा आठवडे मिळाले. पहिल्या दिवशी चाचा काठीवर टेकत किनाऱ्यावर येऊन बसले. मी लाटांच्या पलीकडे जाऊन समांतर पोहून आलो. वाटलं, काही तरी म्हणतील. म्हणाले, "पाण्याक मारतंस कित्याक? त्येणा तुजा काय केल्यान?" पुढचे कितीतरी दिवस त्यांनी मला पोहायला दिलंच नाही. उताणं पडून राहायचं, लाट वर नेईल तेव्हा श्वास घ्यायचा, खाली नेईल तेव्हा सोडायचा. मग हळूच कुशीवर वळून दहा हात, पुन्हा उताणं. पुस्तकात याला काय म्हणतात कुणास ठाऊक. महिनाभरात माझा वेग वाढला नाही, पण पाण्यातून बाहेर आल्यावर धाप लागायची ती थांबली.

दुसरा शत्रू ऑक्टोबरचं ऊन. घाटावर ऑक्टोबर हीट कोरडी असते, आमच्याकडे ती ओली. पाऊस नुकताच गेलेला, जमीन भिजलेली, आभाळ मोकळं झालेलं. घाम येतो, पण हवेतच इतकी वाफ की तो सुकत नाही, नुसता गळतो. आणि घाम गळून अंग थंड होत नसतं, सुकला तरच होतं. मी एक साधा प्रयोग केला. सकाळी आठला वजन केलं, तासभर धावलो, अंग पुसून पुन्हा वजन केलं. १.३ किलो कमी. म्हणजे तासाला सव्वा लिटरहून जास्त पाणी गेलं. तेवढं पाणी धावताना माझं पोट घेतच नाही, डचमळतं, उलटून येतं. तेव्हा गणित असं की जास्त पिऊन हे भरून निघणार नाही, वेगच कमी करायला हवा. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. मग कोकमाचं आगळ, मीठ, थोडी साखर असं पाणी बाटलीत भरून सायकलवर आणि धावताना पिऊन पाहिलं. ते पोटाला मानवलं.

इथे एक गंमत सांगायला हवी. रोज्याची सवय असलेल्या माणसाला लोक म्हणतात, तुला काय, तुला तहान सोसता येते. सोसता येते हे खरं. पण रोज्यात दुपारच्या उन्हात कुणी एकवीस किलोमीटर धावत नाही, आणि आजाऱ्याला, प्रवाशाला रोज्याची सूट आहे ती काही उगाच नाही. इथे नियम उलटा होता: तहान लागूच द्यायची नाही. घड्याळ दर बारा मिनिटांनी वाजेल असं लावलं आणि ते वाजलं की तहान असो नसो, दोन घोट. मला हे सोसण्यापेक्षा कठीण गेलं.

स्पर्धेच्या सकाळी मिरामारला फजर पढून किनाऱ्यावर आलो तर माणसांचा सागर. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, थोडे थोडे सोडतात, आणि ज्याचा त्याचा वेळ पायाला बांधलेल्या पट्टीवर मोजला जातो. परदेशात घालतात तो रबरी पोशाख इथे नाही, आपलं पाणी त्याला फार गरम. मांडवीच्या गाळाने पाणी गढूळ, पुढे केलेला हातसुद्धा दिसत नव्हता. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली आणि डाव्या डोळ्यात पाणी शिरलं. छाती धडधडायला लागली. मी उताणा झालो. आजूबाजूला लोक पाणी कापत जात होते आणि मी आभाळाकडे बघत पडलो होतो. एक होडीवाला जीवरक्षक विचारायला आला, त्याला हात करून ठीक असल्याची खूण केली. चष्मा ओतला, नीट बसवला, कुशीवर वळलो. एकोणपन्नास मिनिटांनी पायाला वाळू लागली. तिथे मामूची आठवण आली, पण रडू वगैरे आलं नाही. खरं तर भूक लागली होती.

सायकलबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. शिरगावच्या रस्त्याने पाय तयार केले होते, पणजीच्या बाहेरचे चढ ओळखीचे वाटले. पावणेचार तासांवर थोडा वेळ लागला. शूज बदलून धावायला लागलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. घड्याळात चार तास सत्तावन्न मिनिटं झालेली, म्हणजे एकवीस किलोमीटरला साडेतीन तास. वाटलं, आरामात.

दोनापावलाकडचा रस्ता, डांबर तापलेलं, सावली तुटक. तेराव्या किलोमीटरला माझ्या हातावर काटा आला. एवढ्या उन्हात थंडी वाजली. त्याचा अर्थ मला ठाऊक होता: शरीराचं थंड होण्याचं यंत्र बंद पडायला आलं. समोर पाण्याचं टेबल होतं, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्या पुढे एक तरुण तिथे न थांबता ओठ चावत पुढे गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसलो.

स्वयंसेवक मुलीने टोपीत बर्फ भरून दिला, मानेवर ओला स्पंज ठेवला आणि विचारलं, "काका, सोडून देताय का?" मी म्हटलं, "नाही, बसतोय." तिला ते पटलेलं दिसलं नाही. चौदा मिनिटं बसलो. शर्यतीत चौदा मिनिटं म्हणजे किती असतात ते बसल्याशिवाय कळत नाही. समोरून जाणारा प्रत्येक जण तुमच्यापेक्षा शूर दिसतो. मी घड्याळाकडे बघून भागाकार करत होतो: आठ किलोमीटर आणि त्र्याऐंशी मिनिटं. झपझप चाललं तरी होतं. न चालता पडलो तर होत नाही. काटा गेला, पुन्हा घाम आला, तेव्हा उठलो.

उरलेलं अंतर बहुतेक चाललोच, सावलीत थोडं पळून, उन्हात चालून. रेषा ओलांडली तेव्हा ८ तास २४ मिनिटं झाली होती. माझ्यानंतरही लोक येत होते. राजकारण बाजूला ठेवून सांगतो, बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या त्याच दिवशी ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत आले आणि त्यांची बातमी देशभर झाली. अडीच मिनिटं राखून येण्यात काय असतं ते मी समजू शकतो.

ओठ चावणारा तो तरुण वैद्यकीय तंबूत होता, हाताला सलाईन. शुद्धीवर होता, आईशी फोनवर बोलत होता.

माझा फोन सामानाच्या पिशवीत. काढून घरी लावला. भाच्याने उचलला. त्याच्या मोबाइलवर स्पर्धकाचा माग दाखवणारं अ‍ॅप होतं, त्यावर माझा प्रत्येक टप्पा दिसत होता. त्याने सांगितलं की सकाळी अम्मी त्याच्या शेजारी तस्बीह घेऊन बसली होती. पोहणं संपल्याची खूण आली तशी उठली, शुकराण्याचे दोन रकात पढली आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर दिवसभरात एकदाही तिने काही विचारलं नव्हतं.

फोन अम्मीने घेतला. मी म्हटलं, "अम्मी, झाली. पूर्ण केली."

"जेवलास का?"

"जेवतो. तू पुढचं काही विचारलं नाहीस म्हणे. सायकलचं, धावण्याचं?"

"त्यात काय विचारायचं?" ती म्हणाली. "जमिनीवर होतास ना."