चव्वेचाळीस वाती आणि मूठभर चिंचोके

दिवाळी संपली की पणत्यांचं काय करता? काही माळ्यावर, काही कुंडीत आणि उरलेल्या कचऱ्यात! यंदा त्यातल्या फक्त नऊ बाजूला काढा. लोअर परळच्या ऑफिसातून पायी जाता येईल इतक्या जवळ एक सण साजरा होतो आणि त्याला जवळपास एवढंच सामान पुरतं. सणाचं नाव हनुका.

संध्याकाळी वेळेवर निघायचं (हेच खरं अवघड!). गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर्स आणि मॉल मागे टाकत ना. म. जोशी मार्गाने चालत सुटायचं. आर्थर रोडचा नाका ओलांडला की आलं सातरस्ता, म्हणजेच जेकब सर्कल. इथे तिफेरेथ इस्राएल हे सिनेगॉग आहे. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण याच भागात राहते. आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात अस्सल मराठी आणि धर्म ज्यू. म्हणजे बेने इस्राएल.

कोकणातले हे शनवार तेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची आम्ही लेकरं, असं ते सांगतात. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद!

गंमत पुढेच आहे. हनुका हा तेलाचा सण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यूंनी जेरुसलेमचं मंदिर ग्रीक राजा अँटिओकसच्या ताब्यातून सोडवलं. पवित्र तेल एका दिवसापुरतंच होतं, पण दिवा आठ दिवस तेवला, अशी कथा. आणि पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या आपल्या या मंडळींना हा सण माहीतच नव्हता! पूर्वज त्या घटनेच्या आधीच देश सोडून निघाले होते, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे कोचीनच्या आणि बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढला, तेव्हा कुठे हनुका त्यांच्या घरात आला.

हिब्रू पंचांगात किसलेव महिन्याच्या २५ तारखेला तो सुरू होतो. हे पंचांगही चंद्रावर चालतं, अधिक महिना त्यातही असतो. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. बहुतेकदा डिसेंबर असतो. आठ दिवसांत अमावास्या मात्र हमखास येते. दिव्यांना अंधार हवाच ना!

मैत्रिणीच्या घरची पितळी हनुकिया (नऊ दिव्यांचं दीपपात्र) काका-काकूंबरोबर इस्राएलला गेली. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक असेच गेले. आता भारतात उरलेत काही हजार. सिनेगॉगमधल्या सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात आणि कधी कधी फोनाफोनी करून ते जमवावे लागतात. हनुकाला ही अट नाही. ‘‘एक खिडकी, एक माणूस, एक काडी,’’ ती म्हणाली. ‘‘इथे मी एकटी उरले ना, तरी हा सण होईल.’’ त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी वाती वळायला घेतल्या.

तर हनुकिया अशी करा. लाकडी फळीवर आठ पणत्या एका रांगेत, सारख्या उंचीवर मांडा. नववी उलट्या वाटीवर, जरा उंच. ती ‘शामाश’, म्हणजे सेवक. बाकीचे दिवे तिनेच लावायचे. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन... शामाश धरून आठ दिवसांत चव्वेचाळीस वाती! मांडणी उजवीकडून, पण पेटवताना सर्वांत नवी वात आधी. दिवे निदान अर्धा तास तेवायला हवेत, म्हणून बर्थडे केकच्या मेणबत्त्या बाद. आणि या उजेडात काम करायचं नसतं. लॅपटॉप मिटा!

मग ड्रेडल, म्हणजे चौकोनी भोवरा. मिठाईच्या खोक्याचा चौकोन कापा, मधोमध पेन्सिलीचा तुकडा खुपसा. चार कडांना चार अक्षरं : नून आलं तर काही नाही, गिमेलला सगळा डाव, हे आलं तर अर्धा आणि शिनला आपल्याकडचा एक टाकायचा. पैशांऐवजी चिंचोके. शिवाय हा तळणीचा सण, त्यामुळे बटाट्याचे लाटके हवेतच. बटाटेवड्याच्या गावाला हे शिकवायला नको! तेल-कापसासकट क्राफ्टचा सगळा खर्च पिझ्झाहून कमी. तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या ‘कर’कडून आमंत्रण आलं, तर महागडा बुके नको, घरी केलेला भोवरा न्या.

एक फरक ध्यानात ठेवा. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या हिब्रू वाक्यातल्या शब्दांची ही आद्याक्षरं. इस्राएलमध्ये शेवटी शिनऐवजी ‘पे’ असतं, म्हणजे ‘इथे’. मैत्रिणीच्या भोवऱ्यावर ‘तिथे’, चुलतभावंडांच्या भोवऱ्यावर ‘इथे’. व्हिडिओ कॉलवर दोन्ही एकदम फिरतात. चिंचोक्यांवरून भांडण मात्र मराठीतच होतं!