धुऱ्याची आग

नागपुरात मिहानच्या रुंद रस्त्यांवर एप्रिलचं ऊन उतरतं तेव्हा सावली म्हणून कुठे उरत नाही. दोन्ही अंगांना रिकामे भूखंड, वाळून पिवळं पडलेलं गवत, मधेच एखादा कडुनिंब, आणि ज्याचा धनी केव्हाच दुसरीकडे राहायला गेला अशा एखाद्या वावराचा अजून न पुसलेला धुरा. पलीकडे एम्सच्या इमारती. २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्या प्रयोगशाळेत कोविडच्या तपासणीसाठी घशातले नमुने येऊ लागले, आणि साऱ्या शहराची भीती बोटभर नळ्यांमध्ये मावू लागली.

त्यानंतरचा, २०२१ चा एप्रिल आठवतो तो वास नसण्यामुळे. अंगणातला निंब फुलून पांढरा झालेला, संध्याकाळी त्याचा गोडसर कडवट दरवळ घरभर, आणि दादा खिडकीशी उभा राहून विचारत होता, ‘‘फुलला का रे?’’

दादाच्या आजारपणाचा पहिला आठवडा बरा गेला. ताप उतरला, जिवात जीव आला. घसरण सुरू झाली ती त्यानंतर.

या आजाराचं हेच वळण मला अजून चकवतं. विषाणू पेशीत शिरला की पेशीने इंटरफेरॉन सोडून आसपास हाकाटी करायची, हा शरीराचा जुना रिवाज. हा विषाणू ती हाकच दाबून धरतो. काहींच्या रक्तात तर आपल्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं आधीपासून दबा धरून असतात. अत्यवस्थ रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकाच्या रक्तात ती सापडली. मग हाक उशिरा पोचते, आणि उशिरा आलेले सारेच एकदम येतात: न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, त्यांना चेतवणारं इंटरल्यूकिन-६, फुप्फुसांच्या नाजूक पिशव्यांभोवती एवढी गर्दी की भिंती पाझरू लागतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, हवेच्या जागी पाणी साचतं. विषाणू बहुधा तोवर ओसरू लागलेला असतो.

लढाई थांबत नाही.

आमच्याकडे पेरणीआधी धुरे पेटवतात. काडीकचरा जळावा, एवढाच हेतू. पण वारा फिरला की तीच आग शेजारच्या संत्र्यांत शिरते, आणि पेटवणारा हातात निंबाचा डहाळा घेऊन तिच्यामागे धावत सुटतो. धावणाऱ्याचा तो चेहरा मी लहानपणी पाहिलाय.

आग आवरायला मिळालं ते औषध नवं नव्हतंच. डेक्सामेथासोन, दिवसाला सहा मिलिग्रॅम, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. लढाई सुरू होण्याआधीच सैन्याचे हात बांधून कसं चालेल? वेळ चुकली तर औषधही वैरी. आमच्या गल्लीत मात्र तेव्हा जो तो फोनवर एकमेकांना ‘सीटीचा स्कोअर किती?’ विचारायचा आणि ज्याला जे सुचेल ते घ्यायला सांगायचा.

२३ एप्रिलच्या रात्री विशाखापट्टणमहून प्राणवायूची पहिली रेल्वेगाडी नागपुरात आली. तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. दादा त्या रात्री पालथा झोपून होता, कुठल्याशा यंत्राच्या फुसफुशीबरोबर त्याची पाठ वर जात होती, खाली येत होती, आणि त्या एका हालचालीवर आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

शरीर हे विसरत नाही म्हणतात. २००३ च्या सार्समधून वाचलेल्या माणसांच्या रक्तात सतरा वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी मिळाल्या. दादाच्या रक्तात काय राहिलंय कुणास ठाऊक. त्याला विचारलं तर तो फुटाणे तोंडात टाकत म्हणतो, ‘‘सूज उतरली बाप्पा, स्टेरॉइडची साखर तेवढी राहिली.’’