दरड कोसळल्यानंतरचा तिसरा महिना

आपत्तीनंतरच्या मानसोपचारांवर लिहा, पण सोपं लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. तसा प्रयत्न करते. मात्र ‘बोललं की मन मोकळं होतं’ हे सोपं वाक्यच या क्षेत्रात सर्वांत जास्त नडलं आहे.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी. कुठेही दरड कोसळली की दोन दिवसांत समुपदेशकांची पथकं पाठवण्याची मागणी होते. पथकं शाळेच्या हॉलमध्ये लोकांना गोल बसवतात आणि त्या रात्री काय झालं ते सांगायला लावतात. या पद्धतीचं मूळ जेफ्री मिचेल यांच्या १९८३ मधल्या ‘डीब्रीफिंग’मध्ये आहे. त्यांनी ते आखलं होतं बचाव पथकांतल्या कर्मचाऱ्यांसाठी. पुढे ते सरसकट सगळ्यांवर लादलं गेलं. १९९७ मध्ये कार्डिफला भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. पहिल्या गटाच्या जखमा मुळातच गंभीर होत्या, असा आक्षेप समर्थक घेतात. तो रास्त आहे. पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यातही एका बैठकीच्या डीब्रीफिंगचा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते. तरीही आपल्याकडे ते चालूच आहे, याचा मला संताप येतो.

पहिल्या आठवड्यात माणसाला कोरडे कपडे हवे असतात, नातलगांचा ठावठिकाणा हवा असतो, पंचनाम्याचे कागद हवे असतात. कुणाला बोलावंसं वाटलं तर ऐकावं, खोदून विचारू नये. झोपेच्या गोळ्याही सरसकट वाटू नयेत. बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून हळूहळू सावरतात. महिना उलटूनही जी सावरत नाहीत, त्यांना मात्र खरा उपचार लागतो. तेव्हा तिथे पथकांतलं कुणीच उरलेलं नसतं.

सह्याद्रीतल्या एका वाडीतली बाई माझ्याकडे उपचारासाठी आली, ती दरड कोसळल्यानंतर वर्षभरानं. पत्र्याच्या खोलीत राहायची. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की पोरांच्या पायांत चपला चढवून त्यांना दाराशी बसवायची. पहिल्या आठवड्यात तिच्याकडून चारचौघांत सगळं वदवून घेतलं होतं. फोटो निघाले, नंतर कुणी फिरकलं नाही.

तिचं एकच वाक्य होतं : ‘‘आणखी एक हाक मारली असती, तर आत्याबाई बाहेर आल्या असत्या.’’

आघाताच्या आठवणीत असा एक जळता बिंदू असतो. मेंदूतला अमिग्डाला तिथे धोक्याची घंटा वाजवत राहतो आणि नंतर कळलेली माहिती त्या बिंदूपर्यंत पोचतच नाही. (हे जरा तांत्रिक झालं, पण उपचाराची किल्ली इथेच आहे.) ती रात्र तिनं डोळे मिटून, आता घडत असल्यासारखी सांगितली. त्या वाक्याशी मी तिला थांबवलं. आवाज आला आणि घर गेलं, यात किती वेळ गेला? धाकटा कडेवर होता, ओटा उतरेपर्यंत भिंत गेली होती. शेजारणीनं तर तिच्या तीन हाका ऐकल्या होत्या. हे तिला ठाऊक होतं, फक्त त्या क्षणाला जोडलेलं नव्हतं. ते जोडायला आठवडे लागले. मग पत्र्यावरचा पाऊस ऐकत, त्या रात्रीपेक्षा आज काय वेगळं आहे ते मोजणं : सपाट जमीन, दूरवरचा डोंगर, पेटलेला दिवा. आता पावसात तिला जाग येते, पण ती पोरांना उठवत नाही.

हे खेड्यापाड्यांत कोण करणार, असा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर नॉर्दर्न आयर्लंडमधल्या ओमा गावात मिळतं. तिथे १५ ऑगस्ट १९९८ रोजी बॉम्बस्फोटात २९ माणसं गेली. तिथल्या सरकारी सेवेतल्या स्थानिक कर्मचाऱ्यांनाच प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांनी ९१ जणांवर याच पद्धतीचे उपचार केले, निम्म्यांना आठ किंवा त्याहून कमी बैठका पुरल्या, आणि गुण संशोधन केंद्रांच्या तोडीचा आला. शरीरानं जखमी झालेल्यांना तुलनेनं कमी गुण आला, हेही नोंदवते. आपल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या परिचारिकांना आणि समाजसेवकांना हे शिकवता येईल, याबद्दल मला शंका नाही.

वाचकांपैकी जे दर पावसाळ्यात मदत घेऊन धावतात, त्यांना विनंती : ब्लँकेटं पोचवा, प्रश्न विचारू नका, आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. पाऊस लागला की कोण झोपत नाही, ते शेजाऱ्यांना ठाऊक असतं. न झोपणाऱ्या त्या माणसांना ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.