राजीनामा

‘नाराज मंत्र्याचा राजीनामा’ असा मथळा आपण कितीदा वाचतो, आणि राजी नि नाराज एकाच ओळीत शेजारी बसलेत हे ध्यानातही येत नाही. फारसीतून आलेला हा शब्द मुळात संमतीचा कागद. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. हिंदी मुलखातल्या कोर्टात आजही राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींची तडजोड. नोकरी सोडायची तर तिकडे इस्तीफा देतात. त्या मूळ अरबी शब्दात माफी मागणं आहे. मराठी माणूस मात्र निघताना आपण राजी असल्याचं लिहून देतो. मला हे फार आवडतं. लग्न ठरवताना मुलीला ‘राजी आहेस ना?’ म्हणून विचारावं, तोच शब्द निरोपालाही.

जमिनीच्या दप्तरात मात्र या शब्दाने पुष्कळ सोसलं. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली रयत शेत सोडताना राजीनामा देई आणि ते घेणारा कबुलायत लिहून देई. कागदापुरते दोघेही खूश. कर्जात बुडालेल्या कुणब्याचं वावर सावकाराच्या नावावर चढे, तेव्हाही शब्द हाच. जुन्या कागदांवर अक्षर न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. ज्या मातीत तो नांगर आयुष्यभर धरला, तीच सोडल्याच्या कागदावर त्याचं चित्र काढताना बोटं कशी वळली असतील? १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, रोखे पेटवले. लिहून घेतलेली किती राजीखुशी त्या जाळात गेली असेल!

आता कचेऱ्यांतून ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहितात. काढून टाकलेलाही तेच लिहितो, कंटाळलेलाही.

म्हणून मला चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा मोठा वाटतो. केंद्राचे अर्थमंत्री, कुलाब्यातून निवडून गेलेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट आणि त्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात पडलेली माणसं त्यांच्या मनाला मानवेनात. १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि का सोडलं ते लोकसभेत उभं राहून सविस्तर सांगितलं.