पांच आणे चार पै

जाम हें आमचें गांव. नागपुराहून दक्षिणेस येणारा रस्ता येथें दुभंगतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुराकडे. १९५५ सालीं मी नववीच्या वर्गांत होतों आणि दिवाळीच्या सुटींत वसतिगृहांतून घरीं आलों होतों. त्या सुटींत मीं एक बेरीज चुकविली, तिची लाज मला अद्यापि वाटते.

आजोबांच्या शेताचे तीन सारखे वांटे होते. त्या वर्षीं धाकटे काका वारले. ते अविवाहित होते, म्हणून त्यांचा वांटा बाबांनीं व थोरल्या काकांनीं निम्मानिम घ्यावा असें ठरलें. पटवाऱ्याकडे नोंद करावयाची होती. बाबांना अक्षरओळख नव्हती; आतां आपला वांटा किती, हें त्यांनीं मोठ्या विश्वासानें मला विचारलें. मीं पाटीवर १/३ आणि १/६ मांडले, वरचे आंकडे मिळविले, खालचे मिळविले आणि ऐटींत सांगितलें, "दोन नवमांश."

बाबा कांहीं वेळ बोटांवर मोजीत राहिले. मग म्हणाले, "काहून रे, भावाचा वांटा मिळाला अन् माहं वावर कमी झालं?"

खरेंच, २/९ हें १/३ पेक्षांही लहान! बाबांचा हिशेब निराळा होता. सगळें शेत म्हणजे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. एकूण १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे पांच आणे चार पै. सहावा हिस्सा ३२ पै, म्हणजे दोन आणे आठ पै. दोन्ही मिळून आठ आणे, निम्में शेत. पटवाऱ्यानें तेवढेच लिहिलें आणि बाबांनीं अंगठा उठविला. पाटी मीं त्यापूर्वींच पुसून टाकली होती.

सुटी संपल्यावर बीजगणितांत अपूर्णांक सुरू झाले. पहिलेंच उदाहरण १/क्ष + १/(क्ष + २). जुनी खोड अशी कीं, हात आपोआप २/(२क्ष + २) लिहूं लागला. पण या वेळीं मीं थांबलों आणि क्षच्या जागीं २ घालून पाहिलें. अर्धा आणि पाव मिळून एक तृतीयांश! बाबांचा प्रश्न पुन्हा कानांत घुमला. येथें पै कोणती? क्ष अज्ञात, तेव्हां तयार नाणें कोणत्याच टांकसाळींत मिळणार नाहीं. दोन्ही छेद ज्यांत सामावतील असें नाणें आपणच पाडावयाचें. तें क्ष(क्ष + २). पहिल्या अपूर्णांकाचीं अशीं क्ष + २ नाणीं होतात, दुसऱ्याचीं क्ष. एकूण २क्ष + २. क्ष दोन असतां उत्तर ६/८, म्हणजे पाऊण. बरोबर.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतींत या कृतीस समच्छेद म्हटलें आहे. छेदांनीं परस्परांचे अंश व छेद गुणावे. परंतु शहाण्यानें छेदांतील समान अवयव आधीं काढून मगच गुणावें, असेंही तेथें सांगितलें आहे. हा शहाणपणा वजाबाकींत फार उपयोगी पडतो. २/(क्ष + १) मधून (क्ष − ३)/(क्ष² − १) वजा करावयाचे असतां दोन्ही छेदांचा गुणाकार करण्याची गरज नाहीं. क्ष + १ हा क्ष² − १ मध्यें आधींच बसलेला आहे. वर २(क्ष − १) − (क्ष − ३) येतें. येथें पुष्कळजण कंस विसरतात आणि क्ष − ५ लिहून मोकळे होतात. वजेचें चिन्ह सबंध अंशाला लागतें, म्हणून वर क्ष + १ उरतें, आणि संक्षेप केल्यावर उत्तर १/(क्ष − १). मात्र क्ष हा १ किंवा −१ नसावा, कारण तेव्हां छेद शून्य होतो. शंका असेल त्यानें क्षच्या जागीं ५ घालावे. एक तृतीयांशांतून एक द्वादशांश गेला कीं पाव उरतो. कंस विसरणाऱ्याच्या हातीं मात्र शून्य येतें.

१९५७ च्या एप्रिलांत नवीं नाणीं आलीं आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. शंभराचे तीन सारखे वांटे पडत नाहींत, हें बाबांनीं मला त्याच आठवड्यांत ऐकविलें.