निघायचं की थांबायचं?

जून उजाडला की ह्यूस्टनच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर वादळांची चर्चा सुरू होते. तिकडून आईचा फोन येतो, "गाडी आहे ना दारात? मग निघा की!"

२००५च्या सप्टेंबरात सगळे निघालेच होते. कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता. 'रिटा' येतंय म्हटल्यावर पंचवीस लाखांहून अधिक माणसं एकदम रस्त्यावर आली. पंपांवरचं पेट्रोल संपलं. उरलेलं पुरवायला लोक भर उन्हात एसी बंद करून तासन्‌तास एकाच जागी उभे. वृद्धाश्रमातल्या मंडळींना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, २३ जण गेले. टेक्सासात शंभरावर बळी गेले, त्यातले बहुतेक या पळापळीत. वादळ मात्र लुइझियानाच्या सीमेकडे वळलं.

म्हणून २०१७मध्ये हार्वी वादळाच्या वेळी महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामं करायला सांगितलं नाही. त्यांच्यावर टीका झाली, पण मला तो निर्णय पटतो. तुंबलेल्या रस्त्यावर गाडीत अडकलेल्याचं काय होतं, हे २६ जुलैचा महापूर पाहिलेल्या मुंबईकराला सांगायला नको. तरीही थांबलेले सगळेच सुखरूप राहिले नाहीत. अॅडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडावं लागलं आणि तोवर कोरड्या असलेल्या दिवाणखान्यांत ते शिरलं. वरच्या अंगाला तर जलाशय फुगला की बुडणाऱ्या जमिनीवरच वसाहती उभ्या आहेत. घर घेताना आपण शाळा बघतो, देऊळ किती लांब ते बघतो; जलाशयाची हद्द कोण बघतो?

इथला जुना दंडक आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. गॅल्व्हेस्टनच्या बाजूचे, किनाऱ्यालगतचे विभाग पिनकोडप्रमाणे ठरलेले आहेत, त्यांनी आधी निघायचं. आत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी घाबरून गाड्या काढल्या, तर त्यांचीच वाट अडते. अर्थात घरात भेटीला आलेले आईबाबा असतील, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर दोन दिवस आधीच ऑस्टिन गाठावं. २०२४च्या बेरिलनं, तेही पहिल्याच श्रेणीच्या वादळानं, वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली होती, आणि ती ऐन जुलैत.

निघा किंवा थांबा, विम्याचे कागद मात्र आजच काढून बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी योजनेतला पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात.